माघारीचे दगड

"…मग काठी मला का देत नाही?"

अबी डोलकरने मान वर केली नाही. ती चुलीपुढे बसून सातू भाजत होती.

"अबी, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं."

"मग?"

"सातू करपेल."

यशोधन तावरेने ओठ चावला. हिमालयातल्या या चोक्सर गावात त्याचा हा तिसरा हिवाळा. बर्फ मोजणाऱ्या एका संस्थेने त्याला इथे आणून ठेवले होते. माणूस मूळचा भोरचा. मिसरूड फुटायच्या आधीच त्याने सह्याद्रीचे कडे पालथे घातले होते आणि पुढे बर्फातले सगळे अभ्यासक्रम पहिल्या श्रेणीत पार पाडले होते. गडी हुशार होता यात वाद नाही. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळले होते.

अबी म्हणजे तिकडच्या बोलीत आजी. डोलकर सबंध गावाचीच आजी होती. वय पंच्याहत्तर. नवरा गेल्यावर केस काढून ती भिक्षुणी झाली, पण मठात काही गेली नाही. हिंदी तिला येई ती रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांकडून शिकलेली, तुटक तुटक. तिचे बोलणे इथे आपल्या भाषेत सांगतो.

हिवाळ्यात तिला विचारल्याशिवाय चोक्सरमधले कुणी गावाबाहेर पाऊल टाकत नसे. कारण वाट एकच होती, आणि ती पाहुण्याच्या अंगणातून जात होती.

वर्तमानपत्रात ज्याला हिमस्खलन म्हणतात, त्याला चोक्सरमध्ये कुणी नावाने हाक मारत नाही. पहिला बर्फ पडला की त्याला 'पाहुणा' म्हणायचे. पाहुणा बसलाय. पाहुणा येऊन गेला. पाहुणा जेवून गेला. जेवून गेला म्हणजे माणसे घेऊन गेला.

गाव संपले की डोंगराची एक उघडी कूस लागते. दीडशे पावलांची. तिच्यावर झाड नाही, झुडूप नाही, हात धरायला एक खडक नाही. तेवढी ओलांडली की पुढे दिवसभराच्या चालीवर रस्ता आणि बस.

त्या दीडशे पावलांवर जो पुढे चालतो त्याच्या हातात अबीची काठी असते. वाळुंजाच्या लाकडाची, माणसाहून हातभर उंच. काठीवाला थांबला की सगळे थांबतात. काठीवाला वळला की सगळे वळतात. का, म्हणून विचारायचे नाही.

आता ती काठी कुणाच्या तरी हाती द्यायला हवी होती. गावातली तरणी माणसे हिवाळ्यात खाली कामाला जात. अबीचे गुडघे कधीच बोलू लागले होते.

आणि या वेळी घोडामैदान जवळ आले होते. गावातल्या तीन मुली दहावीला होत्या. परीक्षा पाच दिवसांवर. पहिला पेपर गणिताचा, आणि गणित शिकवले होते यशोधनने. सबंध हिवाळा, चुलीवर बोटे शेकत शेकत. मुली तयार होत्या. वाट तेवढी राहिली होती.

"किती वेळा गेलायस?" अबीने एकदम विचारले.

"कुठे?"

"डोंगरावर."

"साठ-सत्तर वेळा. लहान-मोठी सगळी शिखरं धरून."

"आणि परत किती वेळा फिरलास?"

"परत?"

"अर्ध्यातून."

"एकदाही नाही." यशोधनची मान आपोआप ताठ झाली. "हाती घेतलं ते पुरं केल्याशिवाय मी उतरलोच नाही कधी."

अबीने सातू ताटात ओतला.

"अरेरे," ती म्हणाली.

तो तडक उठून बाहेर आला.

दाराबाहेर दगडांचे दोन ढीग होते. पांढरे, मुठीएवढे दगड. एक ढीग लहान, एकावर एक नीट रचलेला. दुसरा कमरेच्याही वर गेलेला, कसाही टाकलेला. लहान ढीग कुणाचा, हे यशोधनने कधी विचारले नव्हते. मोठा मात्र त्याने पहिल्या हिवाळ्यातच ओळखला होता. जितक्या वेळा अबीने ती कूस ओलांडली, तितके दगड. त्या ढिगाकडे बघून त्याची छाती दडपून जाई, आणि आपल्याही दाराशी असा एक व्हावा असे त्याला मनातून वाटे.

दुसऱ्या दिवशी त्याने कुशीच्या कडेला खड्डा खणला. छातीइतका खोल. बर्फाचे थर ब्रशने साफ केले, भिंग लावून पाहिले, वहीत उतरवले. मग बर्फाचा एक खांब मोकळा केला, त्याच्यावर फावडे ठेवले आणि फावड्यावर तळहाताने मोजून ठोके दिले.

दुपारी अबी काठी टेकत टेकत आली.

"बावीस ठोके," यशोधन म्हणाला. "हललासुद्धा नाही."

अबी खड्ड्याच्या काठावर बसली. हात लांब करून तिने अगदी तळाचा बर्फ मुठीत घेतला. मूठ वळली नाही. जाड साखर सांडावी तसे दाणे तिच्या बोटांमधून खाली गळाले.

"हे?"

"जुना थर आहे. पौषातला. पण खोल आहे आणि वरचा घट्ट आहे. पेलेल."

"पेलेल…"

"हो."

"खड्डा कुठे खणलास?"

"इथे. दिसतोय की."

"इथे म्हणजे?"

"कडेला. खडकाच्या सावलीत."

"आणि चालायचं कुठून?"

"मधून."

"मग मधे का नाही खणलास?"

यशोधनला हसू आले. "अबी, मधे जाऊन खणत बसायचं म्हणजे केवढा धोका…"

वाक्य तिथेच राहिले.

अबीने मान डोलावली. हात झटकला, उठली आणि घराकडे निघाली. दहा पावले गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "पहाटे निघू. पोरींना सांग, कान उघडे ठेवा."

पहाटे हवा उबदार होती.

मार्चमधल्या पहाटेला चोक्सरमध्ये नाकातला श्वास गोठतो. त्या दिवशी गोठला नाही. रात्रभर ढग होते, एक चांदणी दिसली नव्हती. टोबग्ये खूश झाला. टोबग्ये म्हणजे पाल्मोचा बाप, आणि पाल्मो म्हणजे तिघींमधली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत भित्री पोरगी.

"थंडी मोडली बघा, मास्तर!" तो म्हणाला.

अबीने आभाळाकडे पाहिले.

तीन मुली, टोबग्ये, एका मुलीची आई, यशोधन आणि अबी. कडेच्या खडकाशी सगळे थांबले. पाठीवरच्या पिशव्यांचे पट्टे सैल केले, म्हणजे वेळ आली तर ओझे झटकून टाकता येते. कानांवरच्या टोप्या वर सरकवल्या. इथून पुढे बोलायचे नाही, ही रीत.

यशोधनला राहवले नाही.

"आवाजानं पाहुणा येत नाही, अबी. लोकांनी तपासून पाहिलंय. ढोल वाजवा हवा तर. तो वजनानं येतो."

"बरं."

"मग गप्प का राहायचं? नुसती समजूत ती."

"बरं."

त्याने काठीसाठी हात पुढे केला.

अबीने काठी सोडली नाही. "तुला भीती वाटते?"

"नाही."

"तुला रे, टोबग्ये?"

"देवाचं नाव घ्यायचं आणि निघायचं. भिऊन पेपर थोडाच मिळतो?"

अबीने पाल्मोकडे पाहिले. पोरगी दोन्ही हातांनी कंपासपेटी छातीशी धरून उभी होती. आतली पट्टी आणि कर्कटक खडखड वाजत होते.

"तुला गं?"

"अबी… माझा पायच उचलत नाही."

अबीने काठी तिच्या हातात दिली.

"अबी!" यशोधनचा आवाज चढला. "लहान आहे ती. तिला काय कळतं?"

"भीती कळते."

"थरथरतेय बघा!"

"हो ना," अबी म्हणाली. "तू नाही थरथरत."

यशोधनच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन हिवाळे, बावीस ठोके, भरलेल्या दोन वह्या. आणि काठी कुणाला, तर अंधारात परसात जायलाही सोबत मागणाऱ्या पोरीला. तो मुकाट्याने सगळ्यांत मागे जाऊन उभा राहिला.

अबी खडकाशीच थांबली. पाल्मो निघाली.

दहा-दहा पावलांचे अंतर ठेवून एकेक जण तिच्या मागे गेला. उजेड नुकता फुटत होता. डावीकडे कूस वर वर जाऊन ढगात शिरलेली. उजवीकडे ती खाली खाली जात होती. तिकडे बघायचे नाही हे कुणी सांगावे लागत नाही. बर्फ पायाखाली वाजत नव्हता. ओल्या मिठासारखा दबत होता, नडगीपर्यंत.

पाल्मो काठी टोचायची, थांबायची, पाऊल टाकायची. पुन्हा टोचायची. यशोधन मनात चरफडत होता. या चालीने दुपार होईल, ऊन येईल.

साठ पावलांवर पाल्मो थांबली.

मागचे सगळे थांबले.

तिने मान जराशी कलती केली, आतल्या खोलीतून कुणी हाक मारली की नाही हे ऐकावे तशी. बराच वेळ ती हलली नाही. मग वळली. तिचा चेहरा बर्फाहून पांढरा पडला होता. ओठ घट्ट मिटलेले होते. ती आपल्याच पावलांत पाय ठेवत परत येऊ लागली.

टोबग्येने कपाळावर हात मारला, पण वळला. मुली वळल्या. मुलीची आई वळली.

यशोधन वळला नाही.

सगळ्यांना जायला वाट म्हणून तो एक पाऊल वरच्या अंगाला सरकला. एकेक जण त्याच्या खालून गेला. पाल्मो शेवटी आली. तिने त्याच्या बाहीला हात लावला आणि डोळ्यांनी त्याला 'चला' म्हटले. त्याने बाही सोडवून घेतली.

त्याला ऐकू आले नव्हते. काहीच नाही. एका पोरीला भास झाला म्हणून तिघींचा पेपर बुडवायचा? कुणीतरी पलीकडे जाऊन दाखवले की झाले. मग सगळे येतील. तो पुढे निघाला. पाल्मोची शेवटची खूण जिथे होती तिथे पोचला. तिथून पुढचा बर्फ कोरा होता.

एक पाऊल. दोन. तीन.

धप्प…

कानांनी ऐकला म्हणावा असा तो आवाज नव्हता. पोटाने ऐकला. त्याच्या पायाखाली ती सबंध कूस बोटभर खाली बसली. जमिनीच्या आत कुणीतरी जड दार लोटून घेतले. आणि ते लोटणे त्याच्या पायांखालून निघून बर्फाच्या आतून वर वर गेले, ढगापर्यंत. तिथे थांबले.

मग काहीच नाही.

यशोधन तावरेची पाचावर धारण बसली.

त्याला सगळे ठाऊक होते. उतार किती अंशांचा, वर किती टन, तो सुटला तर किती वेगाने येतो, माणूस खाली किती मिनिटे जगतो, त्यानंतर का जगत नाही. तीन वर्षे वहीत लिहिलेला एकेक आकडा आता त्याच्या मानेवर येऊन बसला होता. पुढे जावे तर पुढे तेच. मागे जावे तर पाऊल उचलायला हवे, आणि एक पाऊल उचलले की सगळे वजन दुसऱ्यावर जाणार.

आई गं, एवढेच त्याच्या मनात आले. भोरच्या घरात ती आता दूध तापवत असेल.

त्याने मोठ्या कष्टाने मान वळवली. खडकाशी सगळे पोचले होते. त्यांच्या पुढे अबी बर्फात बसली होती. ती हाक मारत नव्हती. हातही हलवत नव्हती. तिने टोपी काढली होती, आणि तिचे केस काढलेले उघडे डोके जरासे कलते होते.

ती ऐकत होती.

तेव्हा त्याला कळले. ते गप्प राहणे पाहुण्याला ऐकू जाऊ नये म्हणून नव्हतेच.

त्याने श्वास धरला आणि ऐकले. खोल कुठेतरी बर्फ करकरत होता. बारीक, सावकाश.

त्रेसष्ट पावले. ती त्याने कशी टाकली हे त्याला पुढे कधी नीट सांगता आले नाही. आपल्याच खुणेत पाय ठेवायचा, वजन द्यायचे, ऐकायचे. दर पावलाला त्याला वाटे, हेच. तिसाव्या पावलावर वरून बर्फाचा एक लहानसा गोळा गडगडत आला, त्याच्या बुटाला लागला आणि फुटला. यशोधनच्या डोळ्यांना पाणी आले. ते त्याने पुसले नाही, कारण त्यासाठी हात हलवावा लागला असता.

खडकाला हात लागला तेव्हा तो बसलाच.

"अबी," तो म्हणाला. "मला… मला…"

"चल," अबी म्हणाली. "चहा घेऊ."

दारात पोचल्यावर तिने वाकून एक पांढरा दगड उचलला आणि मोठ्या ढिगावर टाकला.

यशोधन बघत राहिला.

"आज तर आपण ओलांडलं नाही."

"नाही."

"मग दगड?"

"त्याचाच."

तो त्या मोठ्या ढिगाकडे बघत राहिला. एवढ्या वेळा… एवढ्या वेळा ही बाई अर्ध्यातून परत आली होती.

"आणि हा लहान?"

"यांचा." अबीने नवऱ्याचे नाव घेतले नाही. "ओलांडून परत आले की एक ठेवायचे. एक्केचाळीस आहेत."

"मग?"

"बेचाळिसावा ठेवायला आले नाहीत."

चुलीवर चहाला उकळी आली. तिने त्यात मीठ आणि लोणी टाकले.

"त्यांना भीती वाटायची?" यशोधनने हळूच विचारले.

"कधीच नाही," अबी म्हणाली. "फार धीराचे होते."

पुढचे दोन दिवस ढग हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी परीक्षा होती.

त्या दिवशी सकाळी यशोधन पाल्मोकडे गेला. ती खिडकीशी बसली होती. पेपरची वेळ झाली तशी तिने कंपासपेटी उघडली आणि त्याच्याकडे हात पसरला. त्याने वहीचे पान फाडून दहा गणिते लिहून दिली. ती रडली नाही. खाली मान घालून सोडवत बसली. तिला बघून त्यालाच भडभडून आले.

दुपारी टोबग्ये अबीच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"उभा आहे!" तो म्हणाला. "तीन दिवस झाले. पाहुणा जसाच्या तसा उभा आहे. दगडसुद्धा नाही पडला वरून. आणि माझ्या पोरीचा पेपर गेला."

अबी फाटक्या बुटाला टाके घालत होती.

"मास्तर, तुम्ही बोला. तुम्ही शिकलेले आहात."

"टोबग्ये, मी ऐकलं," यशोधन म्हणाला. "पायाखाली बसलं ते."

"बसलं. मग काय झालं?"

"काही नाही झालं."

"नाही ना झालं!" टोबग्ये म्हणाला. "मी तेच म्हणतोय."

यशोधनने आशेने अबीकडे पाहिले. अबीने दोरा तोडला आणि सुईत दुसरा ओवू लागली. टोबग्ये पाय आपटत निघून गेला.

खरे सांगायचे तर यशोधनच्याही मनात पाल चुकचुकली होती. तो दिवसातून चारदा खडकापर्यंत जाई आणि त्या कुशीकडे बघे. ती शांत होती. त्याच्या त्रेसष्ट खुणा तिच्यावर तशाच होत्या, जाताना आणि येताना एकच. कधी वाटे, आता कोसळेल. आणि कधी, हे कबूल करायला त्याला लाज वाटे, पण वाटे की कोसळावी. म्हणजे टोबग्येला दाखवता येईल.

ती कोसळली नाही.

त्या संध्याकाळी ढग फाटले. दोन रात्री आभाळ चांदण्यांनी खच्चून भरले होते. बाहेर ठेवलेल्या बादलीतले पाणी तळापर्यंत गोठून बादली फुगली. दुसरा पेपर दोन दिवसांवर आला होता.

त्या दुसऱ्या रात्रीच्या पहाटे सगळे पुन्हा खडकाशी उभे राहिले. श्वास मिशांवर गोठत होता. अबीने काठी उलटी धरून बर्फात घातली. ती आत गेली नाही. ठण्ण वाजली. पुढे दहा पावले जाऊन तिने पुन्हा घातली, तळहात टेकला, तसाच ठेवला. बराच वेळ.

परत आली ती यशोधनसमोर थांबली.

"भीती वाटते?"

यशोधनने दोन्ही हातमोजे काढले आणि हात तिच्यापुढे धरले.

ते थरथरत होते.

अबीने काठी त्या हातांत ठेवली.

"अबी, मला मधेच परत फिरावंसं वाटलं तर?"

"तर फिर."

"आणि टोबग्ये?"

टोबग्येने मान खाली घातली.

"ऊन त्या शेंड्याला लागायच्या आत तू परत इथे हवास," अबी म्हणाली. "आजची भीती चालण्याजोगी आहे. उन्हात ती वाढेल."

तो निघाला. बर्फ आता काचेसारखा कडक होता, बुटाची टाच मारून पायापुरती जागा करावी लागत होती. दर पावलाला वाटे की आता बसेल, आता दार लोटले जाईल. त्याच्या कानात त्याचेच रक्त धडधडत होते आणि त्याच्यापलीकडचे ऐकण्यासाठी तो जिवाचे कान करत होता. मागे पाच माणसे होती. त्यांच्यातल्या तिघींना त्याने पायथागोरस शिकवला होता. त्यांचे वजन त्याला आपल्या पाठीवर जाणवत होते.

साठाव्या पावलावर तो थांबला.

आपल्याच जुन्या खुणेशेजारी उभा राहून त्याने ऐकले. पाल्मो थांबली. टोबग्ये थांबला. पेपरचे नाव कुणी काढले नाही. मागे टोबग्येने हळूच टोपी काढून काखेत धरली.

काही नव्हते. पण त्या 'काही नाही'वर यशोधनने भरवसा ठेवायला फार वेळ घेतला. हात गोठले. मग त्याने काठी टोचली आणि एकसष्टावे पाऊल टाकले. मग पुढचे.

पलीकडच्या खडकाशी पोचल्यावर मुलींनी एकमेकींना घट्ट धरले. टोबग्येने यशोधनचा दंड दाबला.

"सर," पाल्मो म्हणाली, "गणिताचा पेपर जुलैत. तो परत घेतात."

"हो. जुलैत."

ती उतरणीला लागली. कंपासपेटीचा आवाज खाली खाली जात ऐकू येईनासा झाला.

मग यशोधन वळला. आता तो एकटाच होता. पूर्वेकडचे आभाळ पिवळे झाले होते. दीडशे पावले तो जीव मुठीत धरून आला, आणि खडकावर पाय ठेवला तेव्हा वरच्या शेंड्याला पहिले ऊन लागत होते.

अबी तिथेच बसली होती. टोपी मांडीवर. ती उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे सावकाश घरी आले.

दारात त्याने अबीसारखेच वाकून एक दगड उचलला. लहान ढिगाकडे पाहिले. मग मोठ्याकडे. त्याने तो दगड जिथून उचलला होता तिथेच ठेवून दिला.

अबी बघत होती. ती आत गेली, चूल फुंकली, चहा ठेवला.

यशोधन उंबऱ्यावर बसला. समोर तो मोठा ढीग होता. पन्नास हिवाळे. प्रत्येक दगड म्हणजे एकदा अर्ध्यातून परत. कुणाचा तरी पेपर, कुणाचे लग्न, कुणाचा बाजार प्रत्येक दगडाखाली चेपला गेला असणार. कुणी ना कुणी टोबग्ये दर वेळी दारात येऊन ओरडला असणार. आणि ही बाई बुटाला टाके घालत बसली असणार.

"अबी."

"हं."

"हे इतके दगड. इतक्या वेळा तुम्ही परत फिरलात."

"हं."

"त्यातल्या किती वेळा पाहुणा मागाहून खरंच आला?"

अबीने चहा वाटीत ओतला. वाटी त्याच्या हातात दिली आणि ती नीट धरली जाईपर्यंत आपला हात काढला नाही.

"मला काय ठाऊक, पोरा?" ती म्हणाली. "मी घरी होते."